वरचे दूध : पार्सिपनीतील एका बाळाची गोष्ट

जानेवारीची रात्र होती. पार्सिपनीच्या लेक हायवाथा भागातील आमच्या भाड्याच्या घराबाहेर बर्फ साचले होते आणि आत पाच आठवड्यांचे बाळ पाय पोटाशी ओढून रडत होते. डायपर बदलताना शी हिरवट दिसली. तिच्यात आव होती आणि आवेत दोन-तीन लाल धागे होते. दिव्याखाली नेऊन पुन्हा पाहिले. रक्तच होते.

नागपूरहून बाळंतपणासाठी आलेली माझी आई शेजारी उभी होती. तिने नागपूरजवळच्या एका गावात अठ्ठावीस वर्षे अंगणवाडी सेविका म्हणून काम केले आहे. शेकडो बाळे तिच्या वजनकाट्यावरून गेली आहेत. तरीही केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीत असे रक्त तिने पाहिले नव्हते. नजर लागली, दृष्ट काढा, असे आमच्या घरात कुणी म्हणत नाही. ती वाट आजोबांनी १९५६ नंतर सोडली ती सोडलीच. मात्र कारण सापडण्याआधीच कारण ठरवून टाकण्याची घाई आम्हालाही चुकली नाही. आईने माझ्या ठेच्याला दोष दिला, बाळाच्या बाबांनी पोटातल्या वाऱ्याला, आणि मी स्वतःला.

पुढील सहा महिन्यांत आम्ही जे शिकलो, ते येथे लिहीत आहे. आपल्या अनेक कुटुंबांत बाळंतपणे होत आहेत. सासर-माहेर हजारो मैलांवर आहे. अशा वेळी शीतील दोन लाल धागे घराची झोप उडवतात आणि अर्धवट माहिती त्यात भर घालते. ही माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, परंतु डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत, हे तिच्यामुळे कळू शकेल.

दोष कोणत्या दुधाचा?

दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी बाळाला नीट तपासले. गुदद्वाराशी चीर नव्हती, ताप नव्हता, पोट मऊ होते. संसर्ग नाही ना, हे पाहण्यासाठी शीची तपासणी झाली. मग त्यांनी सांगितले की बाळाला बहुधा गायीच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी आहे. आई चटकन म्हणाली, ‘‘पण बाळानं गायीचं दूध घेतलंच नाही.’’ तिचे म्हणणे बरोबर होते. गायीचे दूध मी घेत होते.

गायीच्या दुधात दोन प्रकारची प्रथिने असतात : सुमारे ८० टक्के केसीन आणि सुमारे २० टक्के व्हे. व्हेमधील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन मानवी दुधात मुळात नसते. आई दूध, दही, पनीर खाते तेव्हा या प्रथिनांचे सूक्ष्म अंश पचनातून वाचून तिच्या रक्तात आणि तेथून अंगावरच्या दुधात उतरतात. बहुतेक बाळांना त्याचा काहीच त्रास होत नाही. केवळ आईच्या दुधावर असलेल्या दर दोनशे बाळांपैकी साधारण एकाचे शरीर मात्र त्या अंशांना परके समजून प्रतिकार करते. आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते आणि शीत आव व रक्त दिसू लागते. काही बाळांना इसब होतो, काहींना सतत उलट्या होतात.

येथे एक गल्लत नेहमी होते. ‘दूध पचत नाही’ असे आपण मोठ्या माणसांबद्दल म्हणतो, तेव्हा बहुधा दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचण्याबद्दल बोलत असतो. बाळांचा प्रश्न साखरेचा नसून प्रथिनांचा असतो. म्हणून ‘लॅक्टोज-फ्री’ लिहिलेले दूध आईने प्यायल्याने काही साधत नाही. त्यातील साखर मोडलेली असते, प्रथिने मात्र जशीच्या तशी असतात. बकरीचे किंवा म्हशीचे दूधही उपयोगी नाही, कारण त्यांची प्रथिने गायीच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की बाळाचे शरीर बहुधा फरक करत नाही.

आणखी एक बाब सुरुवातीलाच सांगितली पाहिजे. काही बाळांमध्ये ही ॲलर्जी तात्काळ आणि तीव्र रूपात उमटते : अंगावर गांधी उठतात, ओठ-चेहरा सुजतो, श्वास लागतो, बाळ वारंवार उलट्या करून मलूल पडते. अशा वेळी वाचत बसू नये, ९११ला फोन करावा.

बाळंतिणीच्या ताटातील दूध

डॉक्टरांचा पहिला सल्ला पावडरच्या डब्याचा नव्हता. ‘‘अंगावर पाजणे थांबवू नका, तुमच्या ताटातील दूध थांबवा,’’ असे त्या म्हणाल्या. दोन ते चार आठवडे दुग्धजन्य पदार्थ पूर्ण वर्ज्य करायचे, फरक पाहायचा, आणि सुधारणा झाल्यास एकदा दूध पुन्हा घेऊन खात्री करायची. ही कसोटी नुसत्या अंदाजावर सोडण्याजोगी नव्हती. त्याच संध्याकाळी आईने शाळेची एक वही काढली, रेघा मारल्या आणि अंगणवाडीच्या नोंदवहीसारखे रकाने पाडले : तारीख, मी काय खाल्ले, बाळ किती वेळा प्याले, शी कशी होती, वजन.

मराठी बाळंतिणीचे ताट दुधाने किती भरलेले असते, ते त्या वहीने दाखवून दिले. अळिवाची खीर दुधात, शतावरी दुधातून, खसखशीची खीर दुधात, डिंकाचा लाडू तुपात, भातावर तूप. साजूक तुपात प्रथिनांचे अंश राहू शकतात, म्हणून तेही गेले. रूट ४६वरील किराणा दुकानांतून आणलेल्या वस्तूंची वेष्टने वाचायला बसलो तेव्हा ग्लुकोजच्या बिस्किटांत दुधाची पावडर, नानमध्ये दही, आणि ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या क्रीमरमध्येही केसीन सापडले. अमेरिकेत २००४च्या कायद्यानुसार घटकांत दूध असल्यास वेष्टनावर ‘मिल्क’ हा शब्द स्पष्ट छापावा लागतो. तो शोधण्याची सवय लावून घेतली की काम सोपे होते.

मी रडकुंडीला आले, तेव्हा आई हसली. ‘‘आमच्या वेळी दूध होतं कुठं गं? चहात टाकायला मिळालं तरी पुष्कळ. तुझ्या आजीनं मला बाजरीची भाकर अन् सुकटाच्या कालवणावर बाळंतपणातून काढलं.’’ गरिबीचे गुणगान करावे, असा तिचा हेतू नव्हता. दुधाशिवाय बाळंतीण उभी राहू शकते, एवढेच तिला सांगायचे होते. मग आमचे ताट बदलले. नाचणीची भाकरी आणि आंबील, तिळाची चटणी, शेवग्याची भाजी, राजगिरा, सुकट-बोंबील, आणि नारळ-गुळातले, तुपाविना वळलेले अळिवाचे लाडू. पाजणाऱ्या आईला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. केवळ आहारातून ते भरेना, म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली. बाळाला रोज ४०० युनिट ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब होतेच.

दहाव्या दिवशी वहीत ‘धागे नाहीत’ असे लिहिले गेले. तीन आठवड्यांनी मी ठरल्याप्रमाणे एक वाटी दही खाल्ले. दोन दिवसांत धागे परतले. कारण काढले की परिणाम जातो, कारण आणले की परिणाम येतो, हे आम्ही भाषणांतून कितीदा ऐकले होते. त्या आठवड्यात ते डायपरमध्ये पाहिले.

डब्याकडे का वळलो?

अशा बहुतेक बाळांचे अंगावरचे पिणे आईच्या पथ्याने निभावते, आणि निभावत असेल तर ते सोडू नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने केवळ आईचे दूध आणि पुढे दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ, मायलेकरांना हवे तोवर, ते चालू ठेवण्याच्या बाजूने आहे. आमच्या बाबतीत गणित जमले नाही. काही दिवसांनी धागे पुन्हा दिसले. वही पाहिली तेव्हा सोयाबीनच्या वड्या आणि टोफू खाल्लेल्या दिवसांशी त्यांचा मेळ बसला. दूध न सोसणाऱ्या काही बाळांना सोयाही सोसत नाही. तेही बंद केले. एव्हाना माझे वजन झपाट्याने उतरले होते, दूध कमी होऊ लागले होते, आणि अकराव्या आठवड्यात बाळाच्या वजनाची रेषा तक्त्यावर खाली झुकली.

डॉक्टरांनी दोन वाटा समोर ठेवल्या. एक, अंडी, गहू असे आणखी पदार्थ एकेक करून सोडत पुढे जाणे. दुसरी, ॲलर्जी असलेल्या बाळांसाठी बनवलेल्या फॉर्म्युल्याकडे हळूहळू वळणे. दोन्ही वाटा योग्य आहेत, असेही त्या म्हणाल्या. त्या रात्री आमच्या घरात कडाक्याचा वाद झाला.

आईला डबा मुळीच मान्य नव्हता. तिच्या नकाराला आधार होता. वस्तीवस्तीत जाऊन ‘सहा महिने फक्त आईचे दूध, पाण्याचा थेंबही नाही’ हेच तिने सांगितले होते. पावडर पातळ करून, न उकळलेल्या पाण्यात कालवून, न धुतलेल्या बाटलीतून पाजल्यावर हगवणीने सुकलेली बाळे तिने उचलली होती. जगभर असे इतके घडले की १९८१मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने दुधाच्या पावडरींच्या जाहिरातींना लगाम घालणारी संहिता स्वीकारली. बाजूने ११८ मते पडली आणि विरोधात एकच, ते अमेरिकेचे. भारताने १९९२मध्ये कायदा करून अशा जाहिरातींवर बंदी घातली. डब्यावर बाळाचे चित्रही छापता येत नाही. तोच कायदा आईने प्रशिक्षणात शिकला होता, आणि येथे प्रसूतीनंतर घरी नमुन्याचा डबा पोस्टाने आला तेव्हा ती अवाक झाली होती.

तिचा संशय ज्या परिस्थितीत घडला, ती परिस्थिती येथे नव्हती. पाणी स्वच्छ होते, बाटल्या उकळता येत होत्या, डब्यावरील सूचना वाचता येत होत्या, आणि पावडर जाहिरातीने नव्हे तर डॉक्टरांनी सुचवली होती. ‘‘तू त्या बायांना नियम सांगत होतीस, कारण त्यांच्या बाळांना तेच वाचवणार होतं,’’ मी म्हटले. ‘‘या बाळाला काय वाचवील, ते तुझ्याच वहीत लिहिलंय.’’ ती काही बोलली नाही. पहाटे उठून तिने वही पहिल्या पानापासून वाचली आणि सकाळी स्वतःच विचारले, ‘‘कोणता डबा?’’

तिने एक वेगळा मार्गही सुचवला होता. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. तशा पेढ्या येथेही आहेत. परंतु दूध देणाऱ्या माता सर्वसामान्य आहार घेत असल्याने त्या दुधातही तीच प्रथिने असू शकतात. आमच्या बाळासाठी तो मार्ग बंद होता.

कोणता डबा?

दुकानात फॉर्म्युल्याच्या कपाटासमोर उभे राहिले की डोळे भिरभिरतात. डब्यांवर ‘जेंटल’, ‘सेन्सिटिव्ह’, ‘कम्फर्ट’ असे दिलासा देणारे शब्द असतात. त्यांपैकी बहुतेकांत गायीच्या दुधाची पूर्ण किंवा अंशतः मोडलेली प्रथिनेच असतात आणि दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळाला ते डबे चालत नाहीत. उपयोगाचे प्रकार दोनच.

पहिल्या प्रकारात केसीनचे अत्यंत बारीक तुकडे केलेले असतात, इतके बारीक की बाळाच्या शरीराला ते ओळखू येऊ नयेत. न्यूट्रामिजेन आणि ॲलिमेंटम हे त्यांतील परिचित डबे. ॲलर्जी असलेल्या किमान ९० टक्के बाळांना सोसेल, अशीच पावडर ‘हायपोॲलर्जेनिक’ म्हणवते. उरलेल्यांसाठी, किंवा ज्यांची प्रकृती फार खालावली आहे अशांसाठी, दुसरा प्रकार : अखंड प्रथिनांऐवजी केवळ अमिनो आम्ले असलेली पावडर. एलिकेअर, निओकेट, प्युरामिनो, अल्फामिनो ही त्यांतील नावे. बहुतेक वेळा डॉक्टर पहिल्या प्रकारापासून सुरुवात करतात.

यात पार्सिपनीचा एक धागा आहे. केसीन मोडून केलेले न्यूट्रामिजेन मीड जॉन्सन कंपनीने १९४२मध्ये बाजारात आणले. ती कंपनी २०१७मध्ये रेकिट या ब्रिटिश कंपनीने विकत घेतली, आणि रेकिटचे अमेरिकेतील मुख्यालय आमच्याच गावात, इंटरपेस पार्कवेवर आहे. त्या इमारतीवरून आम्ही रोज जात होतो आणि आत कोणता व्यवसाय चालतो, याची कल्पना नव्हती.

बदामाचे, ओटचे, तांदळाचे ‘दूध’ एक वर्षाखालील बाळाला फॉर्म्युल्याऐवजी कदापि देऊ नये. त्यात बाळाच्या वाढीला लागणारी प्रथिने, चरबी आणि क्षार पुरेसे नसतात. नातेवाईक प्रेमाने पाठवतात त्या बाळगुटीबद्दलही डॉक्टरांना आधी विचारावे. ती मधात उगाळण्याची रीत तर सोडूनच द्यावी. मधातील जंतुबीजांमुळे वर्षाखालील बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

चव आणि सबुरी

डबा उघडताच वास आला : उकडलेल्या बटाट्यात औषध मिसळावे तसा. मी थेंब चाखला. कडवट आणि आंबट. प्रथिने मोडली की अशी चव येते; गोड, ऊबदार दुधाची सवय असलेल्या बाळाने तोंड फिरवले तर नवल नाही.

याबाबत आमच्या शेजारच्या राज्यात महत्त्वाचे संशोधन झाले आहे. फिलाडेल्फियाच्या मॉनेल संस्थेतील ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की साधारण चार महिन्यांच्या आत ही चव ओळखीची झाली तर बाळ ती सहज स्वीकारते. त्यानंतर प्रथमच दिली तर बहुधा नाकारते. म्हणजे निर्णय घ्यायचाच असेल तर तो लांबवण्यात नुकसान असते. आमचे बाळ अकरा आठवड्यांचे होते, म्हणून वेळ हाती होता.

आम्ही असे केले. काढून ठेवलेल्या माझ्या दुधात तयार फॉर्म्युला आधी एक चतुर्थांश, चार दिवसांनी निम्मा, मग तीन चतुर्थांश. दोन्ही मिसळताना फॉर्म्युला प्रथम पाण्यात, डब्यावरील मापानेच तयार करायचा आणि नंतर दुधात घालायचा. पावडर थेट आईच्या दुधात टाकल्यास मिश्रण घट्ट होऊन बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. पहिले दोन दिवस बाळाने बाटली ढकलून दिली. भूक कडकडून लागण्याआधी, अर्धवट झोपेत असताना आजीने पाजले तेव्हा घेतली. माझ्या कुशीत त्याला माझा वास यायचा आणि ते बाटलीकडे पाहतही नसे. म्हणून पहिले काही आठवडे बाटली आजी आणि बाबा यांच्याकडेच राहिली.

मग दर चार-पाच दिवसांनी अंगावरचे एकेक पाजणे कमी केले. दुपारचे सर्वांत आधी, पहाटेचे आणि झोपतानाचे सर्वांत शेवटी. हा सावकाशपणा आईच्या शरीरासाठीही हवा. एकदम थांबवल्यास स्तन दाटतात, गाठी होतात, ताप येऊन संसर्गही होऊ शकतो. दाटल्यासारखे वाटले तर आराम पडेल एवढेच दूध काढायचे, पूर्ण रिकामे करायचे नाही. शीचा रंग हिरवा झाला आणि वास बदलला, पण या पावडरींनी तसे होतेच. पाहायचे ते रक्त, आव आणि वजन. तिसऱ्या आठवड्यात वजनाची रेषा वर वळली. आईने त्या दिवशीच्या रकान्यात अंगणवाडीतल्या सवयीने हिरवी खूण केली.

माप, पाणी, घड्याळ

पहिल्याच आठवड्यात एक चूक होता होता टळली. भारतातील बहुतेक डब्यांत ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असे माप असते. अमेरिकेतील अनेक डब्यांत दोन औंसांना, म्हणजे सुमारे ६० मिलिलिटरला एक चमचा असतो, तर काहींत एका औंसाला एक. आई सवयीने दुप्पट चमचे घालणार होती. म्हणून एका डब्याचा चमचा दुसऱ्यात कधीच वापरू नये, आणि घरात आजी-आजोबा असतील तर माप मराठीत लिहून फ्रिजवर लावावे. पावडर पुरवण्यासाठी मिश्रण पातळ करणे तितकेच घातक आहे.

पाणी आधी, पावडर नंतर. तयार बाटली दोन तासांत वापरावी. बाळाने प्यायला सुरुवात केल्यावर तासाभरात संपवावी आणि उरलेले फेकून द्यावे. लगेच फ्रिजमध्ये ठेवल्यास चोवीस तास चालते. डबा उघडल्यावर महिनाभरात संपवावा.

पावडर निर्जंतुक नसते, ही गोष्ट फार थोड्या पालकांना माहीत असते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचे जंतू असू शकतात. दोन महिन्यांखालील, अपुऱ्या दिवसांच्या किंवा अशक्त बाळासाठी म्हणूनच तयार द्रवरूप फॉर्म्युला अधिक सुरक्षित. पावडरच वापरायची तर किमान ७० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात करून नंतर थंड करण्याचा सल्ला दिला जातो. याच जंतूंच्या शंकेवरून फेब्रुवारी २०२२मध्ये ॲबट कंपनीने मिशिगनमधील स्टर्जिसच्या कारखान्यातील पावडरी परत मागवल्या आणि कारखाना बंद पडला. ॲलिमेंटम आणि एलिकेअर तेथेच बनत असल्याने ॲलर्जी असलेल्या बाळांचे सर्वाधिक हाल झाले. मे महिन्यात लष्करी विमानाने जर्मनीहून जी पहिली खेप आली, ती याच बाळांच्या डब्यांची होती. पुढे डिसेंबर २०२३च्या अखेरीस न्यूट्रामिजेनचे ६,७५,०३० डबे अशाच शंकेने परत मागवले गेले. यावरून आम्ही दोन सवयी लावून घेतल्या : डब्याच्या तळावरील बॅच क्रमांक वहीत लिहिणे आणि सममूल्य पर्यायी डब्याचे नाव डॉक्टरांकडून आधीच लिहून घेणे.

खर्च आणि हक्क

हे डबे साध्या फॉर्म्युल्यापेक्षा बरेच महाग आहेत आणि बाळ वाढते तसे आठवड्याला अधिक लागतात. आमच्या विमा कंपनीने पहिला अर्ज ‘हे अन्न आहे, औषध नव्हे’ अशा अर्थाचे उत्तर देऊन फेटाळला. बहुतेक कुटुंबे येथेच थांबतात.

न्यू जर्सीचा कायदा मात्र वेगळे सांगतो. बाळाला एकाहून अधिक अन्नप्रथिने सोसत नसतील, डॉक्टरांनी विशेष फॉर्म्युला वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ठरवला असेल, आणि सोया किंवा बकरीच्या दुधाच्या नेहमीच्या फॉर्म्युल्यांनी भागत नसेल, तर राज्याच्या नियमनाखालील आरोग्य विम्याने त्याचा खर्च उचलला पाहिजे. यातील मेख अशी की मोठ्या कंपन्या अनेकदा कर्मचाऱ्यांचा वैद्यकीय खर्च स्वतःच्या निधीतून करतात आणि विमा कंपनी केवळ कागदपत्रे पाहते; अशा योजनांना राज्याचा हा कायदा लागू होत नाही. आपली योजना कोणत्या प्रकारची आहे, हे कार्यालयातील मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे. आमची योजना कायद्याच्या कक्षेत होती. डॉक्टरांनी आवश्यकतेचे पत्र लिहिले आणि त्यासोबत दूध व सोया यांच्या तारीखवार नोंदी जोडल्या. त्या नोंदी आईच्या वहीतून उतरवलेल्या होत्या. तिसऱ्या पत्रानंतर मंजुरी आली. ज्यांचे उत्पन्न मर्यादेत बसते, त्यांना विक या शासकीय पोषण कार्यक्रमातून डॉक्टरांच्या शिफारशीवर असे डबे मिळू शकतात. तेथे जाण्यात संकोच नको.

हा बदल सावकाश करता आला, कारण हाती आठवडे होते. न्यू जर्सीत प्रसूतीनंतरची तात्पुरत्या असमर्थतेची भरपाई आणि पुढे बारा आठवड्यांची कौटुंबिक रजा मिळते. वेतनातून त्यासाठी कपात होत असते, म्हणून ती मागताना उपकाराची भावना नको. संघीय कायदा मात्र बारा आठवड्यांची बिनपगारी रजाच देतो, आणि तीही सर्वांना नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाची बाजू मांडली होती. प्रसूतीच्या आगेमागे आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे आणि तिचा भार सरकार व मालक यांनीही उचलला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्यांच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली, त्या पित्याच्या तोंडचे ते शब्द होते. आज येथे बाळाच्या बाटलीशी बसलेल्या आईला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

दूध थांबल्यावर

अठराव्या आठवड्यात पहाटेचे शेवटचे पाजणे सुटले. बाळ खुशीत होते. रडले ते मी. कारण नसताना हरल्यासारखे वाटत होते. दूध थांबताना शरीरातील संप्रेरके बदलतात आणि काही मातांना खोल उदासी येते, हे मला कुणी सांगितले नव्हते. ती दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांशी बोलावे, लपवू नये.

आईने त्या दिवशी फार काही समजावले नाही. एवढेच म्हणाली, ‘‘सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली. त्याला वाढवलं ते गौतमीनं. दूध कुणाचं, हे कुणी विचारलं का?’’ मग तिने बाटली माझ्या हातात दिली आणि बाळाला माझ्या छातीशी, उघड्या त्वचेला लावून ठेवले. ‘‘पाज आता. जवळ घेऊनच पाज.’’

जूनमध्ये व्हिसाची मुदत संपताना आई परतली. वही येथेच राहिली. बाळ वर्षाचे झाल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून ‘मिल्क लॅडर’ची पहिली पायरी चढलो : भरपूर वेळ भाजलेल्या बिस्किटातील किंचितसे दूध, मग मफिन, मग पॅनकेक, पुढे चीज आणि दही. उष्णतेने दुधातील काही प्रथिनांचे रूप बदलते, म्हणून भाजलेल्या पदार्थापासून सुरुवात. अशा सौम्य स्वरूपाची ॲलर्जी असलेली बहुतेक बाळे वर्षाच्या आसपास त्यातून बाहेर पडतात. ज्यांची ॲलर्जी तात्काळ उमटणारी आहे, त्यांनी मात्र घरी असा प्रयोग करू नये.

दह्याच्या पायरीवर पोहोचलो त्या दिवशी आई नागपूरहून व्हिडिओ कॉलवर होती. बाळाने अर्धा चमचा दही खाल्ले, तोंड वाकडे केले आणि पुन्हा तोंड उघडले. दोन दिवस आम्ही डायपर पाहत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. नमस्कार-चमत्कार न करता तिने विचारले, ‘‘रकान्यात काय लिहिलंस?’’

‘‘धागे नाहीत,’’ मी म्हटले.

‘‘तारीख टाक,’’ ती म्हणाली.